पानांची टोके

लाल देठाच्या पामाला पुण्याची हवा मानवत नाही. मूळचा तो दलदलीतला. त्याला बारा महिने ओलावा आणि ऊब हवी, आणि पुण्यात फेब्रुवारीत पहाटे अंगावर काटा येतो, दुपारी कोरडे ऊन भाजते. याचा राग तो पानांच्या टोकांवर काढतो. आधी टोक पिवळसर होते, मग चहाच्या डागासारखे तपकिरी. आणि एकदा करपलेले टोक पुन्हा हिरवे होत नाही. धायरीतल्या आपल्या घरामागे, हिरव्या जाळीच्या आडोशाला, दशरथ ओव्हाळांनी असा एक पाम कुंडीत कित्येक वर्षे जगवला होता. कुंडी पाणी भरलेल्या घमेल्यात उभी असे. त्याचे देठ लाखेसारखे लालभडक होते, आणि त्या वर्षी प्रथमच एकाही पानाचे टोक करपलेले नव्हते.

बाकीचे पाम जमिनीत होते. फाटकाच्या दोन अंगांना दोन रॉयल पाम, कुंपणाला लागून अरेकाची रांग, कोपऱ्यात झुबकेदार पानांचा फॉक्सटेल. पामांची ही ओढ दशरथरावांना लहानपणापासूनची. त्यांचे वडील गेनबा खडकवासल्याच्या बाजूला एका सरकारी विश्रामगृहावर पहारेकरी होते. विश्रामगृहाच्या दारात दोन उंच पाम होते. त्या दोन खोडांच्या मधून साहेब आत जात. गेनबा आणि त्यांचा मुलगा मागच्या बाजूने. ही गोष्ट दशरथरावांनी तक्रार म्हणून कधी कुणाला सांगितली नाही. त्यांनी डिप्लोमा केला, पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले, धायरीत घर बांधले, आणि घराला रंग लागण्याआधी फाटकाच्या दोन बाजूंना दोन खड्डे घेतले.

"साहेबाचं झाड," त्यांची बायको सुंदराबाई म्हणत. "सावली न्हाई, फळ न्हाई. नुसतं ताठ उभं ऱ्हायाचं."

"आणि वर पाणी मागायचं," दशरथराव म्हणत. "अगदी साहेबच."

परिसरातल्या उद्यानप्रेमी मंडळाचे प्रदर्शन दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी भरत असे. मंडळाचे चिटणीस श्रीनिवास लेले हे शनिवार पेठेतून धायरीत राहायला आलेले निवृत्त बँक अधिकारी. गेल्या वर्षी लाल पामाला उत्तेजनार्थ बक्षिसावर समाधान मानावे लागले होते. दोन पानांची टोके करपली होती आणि दशरथरावांनी ती बारीक कात्रीने, पानाच्या निमुळत्या आकारातच, कापून टाकली होती. लेल्यांनी सगळ्यांच्या देखत ती पाने बोटांत धरून पाहिली.

"ओव्हाळ, झाड आणलंय की सलूनमधून नवरदेव? पुढच्या वेळी याला न्हाव्याकडे नेऊ नका. कात्री लागलेलं पान मला चष्मा काढूनही कळतं."

लोक हसले होते. दशरथरावही हसले होते. पण घरी येताना रिक्षात कुंडी दोन पायांच्या मध्ये धरून बसलेले असताना त्यांनी मनाशी ठरवले होते, की पुढच्या वर्षी हे पान आहे तसे घेऊन जायचे आणि लेल्यांच्या हातात द्यायचे.

त्या हिवाळ्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे नाव घराघरांत बोलले जाऊ लागले. आधी जुलाब होत, ते थांबत, आणि माणूस बरा झाला असे वाटत असताना पायांत मुंग्या सुरू होत. मग पाय जात, मग हात, आणि काहींचा श्वासही. कुणी पाण्याकडे बोट दाखवत होते, कुणी कोंबडीकडे, कुणी पनीरकडे. आरोग्यसेविका घरोघर क्लोरीनच्या बाटल्या वाटून गेल्या. ओव्हाळांच्या घरात पाणी हे दशरथरावांचे खाते होते. नळाचे पाणी, आणि ते कमी पडले की टँकरचे, जमिनीखालच्या एकाच टाकीत जाई. तिथून पंपाने ते गच्चीवर चढे, आणि दुसऱ्या जोडणीने ठिबकच्या नळ्यांमधून बागेत, लाल पामाच्या घमेल्यातही.

बाटली दशरथरावांच्या हातात दिली ती सुनेने. कल्याणी शाळेत विज्ञान शिकवत असे. "बाबा, रोज टाकायचं बरं का. तुम्हाला मी काय सांगणार म्हणा."

"सांग, सांग. निवृत्त माणसाला हल्ली कुणीही सांगतं."

ती हसली. बाटली मात्र पंपाच्या खोलीतल्या फळीवर तशीच बंद राहिली.

टाकीत क्लोरीन घातला की तेच पाणी ठिबकमधून पामांच्या मुळांशी जाणार आणि प्रदर्शनाच्या तोंडावर टोके करपणार, हे त्यांना ठाऊक होते. उपायही ठाऊक होता आणि तो अगदी साधा होता: बागेसाठी वेगळा ड्रम ठेवायचा, त्यात पाणी दिवसभर उघडे राहू द्यायचे, क्लोरीन उडून जातो. ड्रम रविवारी आणायचा ठरला. त्या रविवारी मुलाला, रोहनला, गाडी हवी होती. पुढच्या रविवारी कल्याणीची आई विजयमालाबाई पर्वती पायथ्याहून आल्या, त्यांनी लेकीच्या स्वयंपाकघरात चिकनचा रस्सा केला आणि दुपार जेवणात गेली. घरात पिण्याचे पाणी फिल्टरचे, वर उकळलेले. तेव्हा थोडे दिवस थांबल्याने काही बिघडत नाही, असे दशरथरावांनी स्वतःला समजावले. नोकरीत असताना त्यांच्या हाताखालचा कुणी असे म्हणाला असता तर त्यांनी त्याला फैलावर घेतले असते.

त्याच आठवड्यात एकदा कल्याणी शाळेतून आली आणि स्वयंपाकघरात नळाखाली द्राक्षांचा घड धरून उभी राहिली. दशरथराव फिल्टरमधून तांब्या भरत होते.

"बाबा, टाकीत टाकताय ना रोज?"

"टाकतोय."

तिने दोन द्राक्षे तिथेच तोंडात टाकली आणि उरलेला घड ताटलीत ठेवला.

तिला जुलाब झाले ते दोन दिवसांत थांबले. ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. मग एका सकाळी तिने पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावायचा प्रयत्न केला आणि तिची बोटे त्या पट्ट्यावरून घसरत राहिली. "मला काहीतरी होतंय हो," ती रोहनला म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिला उभे राहता येईना. तिसऱ्या दिवशी तिला व्हेंटिलेटर लावला. तिचे डोळे उघडे होते, तिला सगळे ऐकू येत होते, आणि पापण्यांखेरीज शरीरातले काहीही तिच्या स्वाधीन राहिले नव्हते.

डॉक्टर तरुण आणि सरळ बोलणारे होते. "वाचण्याची शक्यता चांगली आहे. पण छातीत जंतुसंसर्ग झाला तर सांगता येत नाही. आणि वाचल्या तरी चालायला किती महिने लागतील, पूर्ण चालता येईल का, हे आज मला विचारू नका." कशामुळे झाले असेल, या रोहनच्या प्रश्नावर ते म्हणाले, "आता त्याचा शोध घेऊन पेशंटला उपयोग नाही."

रोहनला मात्र होता. तो दिवसभर अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसून फोनवर या आजाराबद्दल वाचत असे, आणि कारण सापडले तरच आपल्याला बसल्या जागी काही करता येईल अशी त्याची समजूत झाली होती.

रुग्णाच्या घरच्या पाण्याचा नमुना घ्यायला दुपारी माणसे येतील, असा फोन आला तेव्हा दशरथराव घरी एकटेच होते. फोन ठेवून त्यांनी घड्याळ पाहिले. मग उठून पंपाच्या खोलीत गेले. किती लिटर पाण्याला किती क्लोरीन, हे त्यांनी आयुष्यभर इतरांना शिकवले होते. त्या वेळी त्यांनी मापाचे झाकणही हातात घेतले नाही. टाकीचे लोखंडी झाकण सरकवले, बाटली पूर्ण उलटी केली, मागच्या खोलीत उरलेली ब्लीचिंग पावडरही ओतली आणि बांबूने पाणी ढवळत राहिले. वासाने डोळ्यांत पाणी आले. गच्चीवरची टाकी रिकामी करून त्यांनी पंप चालू केला, आणि सगळे नळ एकेक करून उघडे सोडले.

आरोग्यसेविकेने स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी केशरी झाले.

"जास्तच आहे की हो काका," ती म्हणाली. "पण कमी असण्यापेक्षा बरं. सगळ्यांनी तुमच्यासारखं केलं असतं तर!" दुसऱ्या बाटलीत तिने प्रयोगशाळेसाठी पाणी घेतले आणि पुढच्या घरी गेली.

अहवाल निर्दोष आला. रोहनने तो फोनवर वाचला, आणि त्याच्या मनात उरले ते चिकन.

"चिकन कुठून आणलं होतं तुम्ही?" त्याने विजयमालाबाईंना विचारले. लग्नापासून तो त्यांना आई म्हणत असे. त्या दिवशी त्याने ती हाक मारली नाही.

"नेहमीच्याच दुकानातून. मी स्वतः उभी राहून कापून घेतलं रे."

"आणि ती चव बघत होती, रस्सा उकळायच्या आधी. मी पाहिलं. तुम्ही दिला तिला चमचा."

"मीठ बघायला..." विजयमालाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात तोंडाशी गेला.

दशरथराव तिथेच होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्यांनी हे सर्व ऐकले, आणि रोहन उठून गेल्यावर तेही उठले व खाली जाऊन चहा घेऊन आले. विजयमालाबाईंनी तो घेतला नाही. त्या दिवसापासून त्यांनी घरून काही शिजवून आणणे सोडून दिले. आपल्या हातांकडे त्या अधूनमधून अशा पाहत, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि आपल्याला सांभाळायला दिले आहेत.

प्रदर्शन भरले त्या दिवशी सकाळी सुंदराबाई मागच्या अंगणात धुणे वाळत घालत होत्या. लाल पाम जाळीखाली होता. त्या हातातली ओली साडी तशीच धरून त्याच्यापुढे थांबल्या. प्रत्येक पानाचे टोक तपकिरी झाले होते. काही पानांची कडाही. कुंपणाशी अरेकाची सारी रांग अशीच करपलेली.

"हे कधी झालं?"

"थंडीनं," दशरथराव म्हणाले.

"थंडी जाऊन आठवडा झाला." सुंदराबाईंनी साडी दोरीवर टाकली, तिच्या कडा सरळ केल्या, आणि मग नवऱ्याकडे न वळता बोलल्या. "पाण्यात औषध म्हैनाभर पडतंय म्हणत हुता तुम्ही. मग झाडांना ते आत्ताच कसं कळालं?"

दशरथरावांनी एक करपलेले पान बोटांत धरले. झाडे बोलत नाहीत म्हणून त्यांना ती आवडत असत. इतकी वर्षे ज्या बाईने त्यांच्या बागेला नावे ठेवली होती, तिने त्या बागेकडे इतके नीट पाहिलेले असेल असे त्यांच्या कधी मनात आले नव्हते.

"मला काय बी सांगू नका," सुंदराबाई म्हणाल्या. "मला सांगून तुमचं भागंल, बाकी कुणाचं न्हाई. ती विजयमाला अन्नाला शिवत न्हाई. तिच्याकडं जावा."

त्या घरात गेल्या. भांडी घासण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्यांनी एकच पातेले पुन्हा पुन्हा घासले असावे.

भेटण्याची वेळ चारची होती. दशरथराव त्याआधीच पोहोचले. विजयमालाबाई तळमजल्यावरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी "जयभीम दादा" म्हटले आणि सरकून जागा करून दिली.

"ताप आलाय तिला," त्या म्हणाल्या. "छातीचा फोटो काढायला नेलंय. दादा, शिट्ट्या मी जास्तच घेतल्या होत्या हो. पण चव तिनं आधी घेतली ना. मी का दिला चमचा? इतकी वर्षं माझ्या हाताला मीठ कळतं, लेकीला कशाला विचारायचं?"

"ताई, चिकनचं नाही ते."

"तुम्ही चांगल्या मनाचे आहात."

"ऐका माझं. टाकीत मी क्लोरीन टाकत नव्हतो. तिनं विचारलं तर टाकतोय म्हणून सांगितलं. एकदाही टाकला नव्हता."

विजयमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी दशरथरावांच्या हातावर हात ठेवला. "माझं ओझं उचलायला निघालात होय? असं कुणी करत नाही, दादा. पण पाणी तपासलंय तुमचं. रोहननं वाचून दाखवलं मला. चांगलं निघालं पाणी."

दशरथरावांना त्या क्षणी थांबता आले असते. कबुली देऊन झाली होती, ती नाकारलीही गेली होती, आणि हातावर एका दुखावलेल्या बाईचा कृतज्ञ हात होता. त्यांनी तो हात हळूच बाजूला केला.

"ते येणार म्हणून फोन आला. त्यानंतर ओतला मी. सगळा एकदम. म्हणून चांगलं निघालं."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी झाडांची टोकं करपली असती."

"कशाची?"

"पामची. पानांची टोकं. प्रदर्शन होतं."

विजयमालाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्या ओरडतील, मारतील, असे दशरथरावांना वाटले. तसे झाले असते तर बरे असे वाटले. समोरून एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत गेला. ती लिफ्टमध्ये शिरेपर्यंत विजयमालाबाईंनी तिच्यावरची नजर काढली नाही.

"आणखी कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारले. त्यांचा आवाज बदलला होता.

"सुंदराला कळलंय. रोहनला आत्ता सांगतो."

"नाही सांगायचं."

"ताई..."

"नाही सांगायचं म्हणते ना. ती उठली तर कुठं जाणार आहे? माझ्याकडं? दोन खोल्या आणि तिसरा मजला, चढवणार कोण तिला? ती तुमच्याच घरात येणार. खालची खोली तुमची, ती तिला द्यायची. तिला उठवायला, बसवायला, धुवायला-पुसायला सुंदराबाई लागणार, तुम्ही लागणार, रोहन लागणार. रोहनला हे कळलं तर तो एक दिवस तुमच्या छताखाली राहील? मग माझ्या लेकीचं कोण करणार?"

"तुम्हाला तो बोलतोय ते मला ऐकवत नाही."

"ऐका. मला बोलू दे त्याला. मी तिची आई आहे, मी कुठं जात नाही." त्यांनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. "मला खरं कळलं, माझ्यापुरतं झालं. रात्री झोप लागेल मला. तुमचं तुम्ही बघा."

"मला हे पेलणार नाही, ताई."

"पेलायचं. तुम्हाला मोकळं करायला माझी पोर आत निजलेली नाही."

जिन्यावरून रोहन खाली आला. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. तो वडिलांसमोर उभा राहिला. "छातीत संसर्ग पसरलाय. गळ्याला छिद्र करून नळी घालणार आहेत. आजच." एवढे बोलून तो थांबला, आणि त्याची नजर विजयमालाबाईंच्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. "त्यात काय आहे?"

"काही नाही. बाहेरची इडली आहे. तुझ्यासाठी घेतली."

"मी सांगितलं होतं ना, काही आणू नका म्हणून? तिच्या जवळ जाता तुम्ही, तिला हात लावता. कशाला धोका घ्यायचा?" आजूबाजूची माणसे वळून पाहू लागली तसा त्याने आवाज खाली आणला, त्यामुळे तो अधिकच कठोर वाटला. "बाबा, तुम्ही सांगा यांना. माझं त्यांना पटत नाही. तुमचं ऐकतील."

दशरथरावांनी वर पाहिले. विजयमालाबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती. हाताखालच्या माणसाला काम सांगून झाल्यावर वरिष्ठ ज्या नजरेने वाट पाहतो, तशी ती होती.

"बाबा?"

"ताई," दशरथराव म्हणाले, "यापुढे काही आणू नका."

"बरं," विजयमालाबाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून बाकाखाली ठेवली.